टेंडर, निगम आणि आपण: सार्वजनिक खरेदीबद्दल इंदूरकरांचे नेहमीचे प्रश्न

रामबाग असो, लोकमान्य नगर असो की सुदामा नगर, चार मराठी माणसं जमली आणि रस्त्याचा, ड्रेनेजचा किंवा बागेचा विषय निघाला की गाडी टेंडरवर येते. मग कुणीतरी म्हणतं, "सगळे मिळालेले असतात," आणि विषय संपतो. त्या वाक्याच्या पुढे जाऊ पाहणाऱ्यांचे प्रश्न खाली एकत्र केले आहेत. उदाहरणं बहुतेक नगर निगमाची आहेत, कारण मोजपट्टी घेऊन आपल्याला जाऊन बघता येईल अशी कामं निगमाचीच असतात.

सार्वजनिक खरेदी म्हणजे फक्त टेंडर का?

नाही. शाळेतले बाक, रुग्णालयातली औषधं, कचरागाडी, पाण्याची पाइपलाइन, सफाईसाठी लावलेली एजन्सी, सल्लागाराची फी, असं करदात्याच्या पैशातून घेतलेलं सगळं या खरेदीत येतं. टेंडर हा तिचा मधला टप्पा. गरज ठरवणं आणि एस्टिमेट करणं त्याच्या आधी येतं. मोजणी, बिल आणि नंतरची दुरुस्ती त्याच्या मागून. आपलं सगळं लक्ष मधल्या टप्प्यावर असतं आणि पैसा बहुधा दोन्ही टोकांना गळतो.

सगळं ऑनलाइन झालं ना? मग आता आणखी काय पारदर्शक करायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

ऑनलाइन झाल्याचा फायदा खरा आहे. पूर्वी टेंडरचा फॉर्म विकत घ्यायला गेलेल्या ठेकेदाराला दारातच अडवत, पेटीत लिफाफा टाकू देत नसत. ते थांबलं. पण संगणकावर आलं म्हणजे सुरक्षित झालं, असं नाही. २०१८ मध्ये आपल्याच राज्यात जल निगमाच्या तीन टेंडरांमध्ये बोलीचे आकडे पोर्टलमध्ये शिरून बदलल्याचा संशय पुढे आला. २०१९ मध्ये राज्याच्या आर्थिक गुन्हे शाखेनं, म्हणजे ईओडब्ल्यूनं, गुन्हा नोंदवला आणि त्यात इतरही टेंडरं होती.

दुसरं उदाहरण घरचं. २०२४ मध्ये इंदूर नगर निगमात ड्रेनेजची कामं न होताच बिलं लावल्याचं प्रकरण बाहेर आलं. सुरुवातीला समोर आलेली रक्कम सुमारे २८ कोटी रुपयांची होती. पोलिसांत गुन्हे नोंदवले गेले, तपास पुढे वाढत गेला. या प्रकरणात टेंडर ऑनलाइन होतं की नव्हतं, यानं काय फरक पडला असता? जमिनीखाली पाइप टाकलाच नाही आणि कागदावर तो टाकला गेला, तर हे पोर्टलला कळायचा काही मार्ग नाही. ते कळतं त्या गल्लीत राहणाऱ्याला, ज्याच्या दारासमोर कधी खोदकाम झालंच नाही. अडचण एवढीच, की आपल्या गल्लीच्या नावावर बिल निघालंय हे त्याला कुणी सांगत नाही.

सरकार आणि नागरिकांनी एकत्र काम करायचं ते नेमकं याच जागी. कागद निगमाकडे आहे आणि डोळे मोहल्ल्यात आहेत. दोन्ही एकमेकांसमोर आणायचे.

टेंडर निघण्याआधी गडबड कशी होते?

अटींमध्ये. अमुक लांबीचं, तमुक क्षमतेचं मशीन हवं, असं लिहिताना एकाच कंपनीचा कॅटलॉग समोर ठेवला की बाकीचे आपोआप बाद होतात. मागच्या तीन वर्षांत अशाच कामाचा अमुक कोटींचा अनुभव हवा, ही अट योग्यही असू शकते आणि कुणासाठी तरी शिवलेलीही. कामाचा आकार आणि मागितलेला अनुभव यांचा मेळ बसतो का, ते पाहावं.

याउलट मोठ्या कामाचे छोटे तुकडे करण्याची रीतही आहे. एका रस्त्याची चार टेंडरं केली की प्रत्येक तुकडा खालच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीच्या मर्यादेत बसतो आणि वरपर्यंत फाइल जातच नाही. एकाच वॉर्डात, एकाच महिन्यात, सारख्याच नावाची कामं दिसली तर कान टवकारावेत.

एमपी टेंडर्स पोर्टलवर सामान्य माणसाला काय दिसतं?

पुष्कळ दिसतं आणि लॉगिनही लागत नाही. संस्थेचं नाव निवडायचं, पडद्यावरची अक्षरं टाइप करायची. चालू टेंडरं, त्यांचे कागद आणि शुद्धिपत्रकं उतरवून घेता येतात. मुदत संपल्यावर 'टेंडर स्टेटस'मध्ये कोण कोण आले, तांत्रिक छाननीत कोण गळालं, कुणाचा दर किती, हेही बहुतेक वेळा सापडतं. शुद्धिपत्रकं जरूर वाचा. मूळ टेंडरमध्ये सज्जन दिसणारी अट शेवटच्या आठवड्यात अंगात आल्यासारखी बदलते.

वर्क ऑर्डर दिल्यानंतरचं मात्र तिथं सहसा काही नसतं. मुदतवाढ, जादा आयटम, बिलं यांसाठी माहितीचा अधिकारच वापरावा लागतो.

एकच बोली आली म्हणजे घोटाळा समजायचा का?

लगेच नाही. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार जाहिरात नीट दिली असेल, अटी विनाकारण आवळलेल्या नसतील आणि दर वाजवी असेल तर एकच बोलीही ग्राह्य धरता येते. एकाच बोलीवर गेलेली कामं त्याच विभागात पुन्हा पुन्हा दिसायला लागली, तर अटी काढून वाचाव्यात.

सर्वांत कमी दर देणाऱ्यालाच काम का? त्यामुळेच तर रस्ते फुटतात!

तक्रारीत तथ्य आहे, पण अर्धंच. एस्टिमेट सरकारी दरसूचीवरून, म्हणजे एसओआरवरून बनतं आणि ठेकेदार 'इतके टक्के बिलो' अशी बोली लावतो. तीस टक्के खाली काम घेणारा एक तर नफा सोडतो, नाही तर सिमेंट. केंद्रीय अर्थ मंत्रालयानं ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांमध्ये काही कामांसाठी गुणवत्तेला जास्तीत जास्त ३० टक्के वजन द्यायची मुभा दिली आहे. पण गुणवत्तेचे गुण देणारा माणूस आला की मर्जीही आली. माझं मत विचाराल तर साध्या मोहल्ल्यातल्या कामांना कमी दराचीच पद्धत बरी आणि मोजणी कडक हवी. मोजणी सैल असेल तर जादा दर देऊनही रस्ता फुटणारच.

ठेकेदारांनी आपसात ठरवलं असेल तर बाहेरच्याला कसं कळणार?

पुराव्यानिशी कळणं कठीण, पण खुणा दिसतात. तीन बोलींमध्ये स्पेलिंगची तीच चूक, अनामत रकमेचे ड्राफ्ट एकाच बँकेतून एकाच दिवशी काढलेले, हरणाऱ्या दोघांचे दर जिंकणाऱ्यापेक्षा मोजूनमापून वर, किंवा हरलेलाच पुढे पोटठेकेदार म्हणून साइटवर हजर. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ नुसार बोलीतलं संगनमत हा बेकायदेशीर करार आहे आणि त्याची माहिती भारतीय स्पर्धा आयोगाला देता येते.

यासाठी देशात एखादा कायदा आहे का?

सर्व सरकारी खरेदीला लागू होईल असा केंद्रीय कायदा नाही. सार्वजनिक खरेदी विधेयक मे २०१२ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तसं बारगळलं. तमिळनाडूनं १९९८ मध्ये, कर्नाटकानं १९९९ मध्ये आणि राजस्थाननं २०१२ मध्ये आपापले कायदे केले. मध्य प्रदेशात खात्यांच्या खरेदीसाठी भंडार क्रय तथा सेवा उपार्जन नियम, २०१५ आहेत. नियम सरकार स्वतः बदलू शकतं, कायदा बदलायला विधानसभेत जावं लागतं. दोहोंतला हा फरक नागरिकांच्या दृष्टीनं मोठा आहे.

माहितीच्या अधिकारात नक्की काय मागायचं? आमचा अर्ज 'माहिती विस्तृत आहे' म्हणून परत आला.

'वॉर्डातल्या सर्व कामांची संपूर्ण माहिती द्या' असं लिहिलंत तर तो परत येणारच. एक काम धरा आणि त्याच्या कागदांची नावं घ्या: प्रशासकीय मंजुरी, तांत्रिक मंजुरी, आयटमवार एस्टिमेट, कार्यादेश, मापन पुस्तिका (सगळे 'एमबी' म्हणतात), रनिंग आणि अंतिम बिलं, गुणवत्ता चाचणीचे अहवाल, मुदतवाढीचे आदेश, जादा आयटमची मंजुरी, पूर्णता प्रमाणपत्र आणि त्या नस्तीच्या (फाइलच्या) नोटशीट, म्हणजे अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांची पानं. यांतला एखादा कागद 'उपलब्ध नाही' असं लेखी मिळालं, तरी ती मोलाची माहिती.

मध्य प्रदेशात अर्जाचं शुल्क १० रुपये, पहिल्या अपिलाचं ५० आणि दुसऱ्याचं १०० रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालच्यांना माहितीसाठी शुल्क नाही. माहिती का हवी, हे कलम ६(२) नुसार सांगावं लागत नाही. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवं. उशीर झाला तर माहिती फुकट द्यावी लागते. नकार किंवा मौन आल्यास ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत भोपाळला राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

फारसं कुणी वापरत नाही असं एक हत्यार कलम २(ञ) मध्ये आहे. माहितीच्या अधिकारात कामाची प्रत्यक्ष पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणंही येतं. शेकडो पानांच्या झेरॉक्स घेण्यापेक्षा आधी नस्तीची पाहणी मागा, हवी तीच पानं निवडा. खर्च वाचतो आणि समोर बसलेल्या बाबूलाही कळतं, की या मंडळींना नोटशीट वाचता येते.

'ठेकेदाराची व्यावसायिक गुप्तता' म्हणून नकार आला तर?

कलम ८(१)(घ) पुढे करतात. स्पर्धेतल्या स्थानाला धक्का पोहोचेल अशा माहितीसाठी ते आहे. बोली उघडून काम देऊन झाल्यावर मान्य दर, मापं आणि दिलेली रक्कम यांत गुप्त असं काय उरतं? अपिलात हेच लिहावं, शिवाय व्यापक जनहिताचा मुद्दा त्याच कलमाच्या आधारे मांडावा. केंद्राच्या कार्मिक विभागानं १५ एप्रिल २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये खरेदीची आणि पीपीपी (सरकारी-खाजगी भागीदारीच्या) करारांची माहिती आपणहून जाहीर करायला सांगितलं आहे, त्या सूचनांचाही हवाला द्या.

वैयक्तिक माहितीची अडचण वेगळी. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं कलम ८(१)(ञ) मधला जनहिताचा अपवाद काढून टाकला. कलम ८(२) मधली जनहिताची तरतूद अजून शाबूत आहे, अपील तिच्यावर बेतावं.

आम्ही इंजिनियर नाही. साइटवर जाऊन काय बघणार?

घरात फरशी बसवून घेताना मिस्त्रीवर जेवढं लक्ष ठेवता, तेवढंच. एस्टिमेटमध्ये पेव्हर ब्लॉक ८० मिलिमीटरचा लिहिला असेल आणि ट्रॉलीतून ६० चा उतरत असेल, तर पट्टी लावून ते पाचवीतलं पोरही सांगेल. रस्त्याची लांबी, रुंदी, काँक्रीटची जाडी, चेंबरची संख्या, दिव्याचे खांब ही मोजायची गोष्ट आहे. काँक्रीट ओतताना १५ सेंटिमीटरचे क्यूब (नमुन्याचे ठोकळे) भरले का, ते ७ आणि २८ दिवसांनी दाबून पाहिले का, हे अहवालावरून कळतं. काँक्रीट ज्या तारखेला पडलं त्याच्या आधीची तारीख अहवालावर असेल, तर पुढचं सांगायला नको.

जाडी मोजायची वेळ एकच: काम चालू असताना. थर झाकला गेला की कोअर (आरपार गोल नमुना) कापावा लागतो आणि तो कापायची परवानगी तुम्हाला कोण देणार! म्हणून वर्क ऑर्डर निघाल्याचं कळताच एस्टिमेट मिळवा. इंदुरात निवृत्त ओव्हरसिअर आणि इंजिनियर मराठी मंडळींची वाण नाही. सकाळी फिरायला जाताना रस्त्याला नावं ठेवणाऱ्या या काकांना दोन तास मोहल्ल्यासाठी द्यायला लावा.

फोटो तारखेसह काढा. ठेकेदाराच्या माणसांशी वाद घालू नका, काम अडवू नका. मोजायचं, लिहायचं आणि झोन कार्यालयात लेखी देऊन पोच घ्यायची.

निगमाबरोबर काम करायचं म्हणजे निगमाच्या मांडीवर बसणं नाही का?

ही भीती रास्त आहे. शहराच्या स्वच्छतेच्या कामात निगमानं बऱ्याच संस्थांना वस्त्यांमध्ये कामाला लावलं आणि त्याचा फायदाही झाला. पण ज्या संस्थेला निगमाकडून कामाचे पैसे मिळतात, तिनंच निगमाच्या खरेदीवर निरीक्षक बसायचं, हे पटणारं नाही. देखरेखीला बसणाऱ्यानं निगमाकडून मानधन घेऊ नये, बोली लावणाऱ्या कुठल्याही फर्मशी नातं नसल्याचं लिहून द्यावं आणि आपला खर्च कुठून चालतो ते जाहीर करावं. दुसरा धोकाही सांगून ठेवतो: हरलेला ठेकेदार कागद घेऊन तुमच्याकडे येतो आणि तुम्ही नकळत त्याचे वकील होऊन बसता. त्याचे कागद घ्या, पण तेच कागद स्वतः पोर्टलवरून किंवा अर्ज करून पुन्हा मिळवल्याशिवाय तोंड उघडू नका.

आणि माहितीचा अर्ज टाकून ठेकेदाराकडून पैसे काढणारे आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांच्यामुळेच खऱ्या अर्जदाराकडे वाकड्या नजरेनं बघतात.

प्रामाणिक अधिकाऱ्याला यातून काय मिळतं?

आडोसा. पार्षदाचा फोन येतो, वरून दबाव येतो, 'बिल सोडून द्या' म्हणतात. तेव्हा 'मोहल्ल्याच्या लोकांनी मोजून लेखी दिलंय, माझी सही अडकेल' हे उत्तर त्याला वापरता येतं. सही करणारा उपयंत्री नेहमीच लबाड असतो, हा आपला आवडता समज आहे. पुष्कळदा तो एकटा असतो.

असं कुठे प्रत्यक्ष झालंय?

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं डिसेंबर १९९४ पासून गावांत जनसुनवाया घेतल्या. पंचायतीची बिलं आणि मस्टर (मजुरांचे हजेरीपट) लोकांसमोर मोठ्यानं वाचायचे. नाव वाचलं की लोक उठून सांगत, हा माणूस तर कामावर नव्हताच. माहितीच्या अधिकाराची चळवळ तिथून वाढली.

आपल्याला जवळचं उदाहरण दिल्लीचं. डिसेंबर २००२ मध्ये सुंदर नगरीत 'परिवर्तन' या गटानं महानगरपालिकेच्या ६८ कामांचे कागद मिळवून जागेवर तपासले. सुमारे १.३ कोटींच्या कामांपैकी जवळजवळ ७० लाखांचे आयटम जागेवर नव्हतेच. गल्लीतल्या लोकांनी मोजून हे दाखवलं. मेघालयानं तर २०१७ मध्ये सामाजिक लेखापरीक्षेचा स्वतंत्र कायदाच केला.

परदेशात फिलिपिन्सच्या २००३ च्या खरेदी कायद्यानं बोली समितीच्या बैठकीला बाहेरचे निरीक्षक बोलावणं सक्तीचं केलं, त्यांतला एक स्वयंसेवी संस्थेचा. तिथं शाळेची पुस्तकं खरंच पोहोचली का, हे मोजायला स्काउट आणि गाइडची मुलंमुली उभी केली गेली. पण निरीक्षकाची खुर्ची बऱ्याचदा रिकामी राहिली, कारण प्रवासाचा खर्च आणि दिवसाची मजुरी कोण देणार, हे कुणी ठरवलं नव्हतं. युक्रेननं २०१६ मध्ये सगळी सरकारी खरेदी 'प्रोझोरो' या खुल्या प्रणालीवर आणली आणि त्याच वर्षी नागरी संस्थांनी तिच्यावर लक्ष ठेवणारं 'डोझोरो' उभं केलं. सरकारी यंत्रणा आणि तिच्या चुका शोधणारी नागरी यंत्रणा एकाच आकडेवारीवर चालतात, ही त्यातली घेण्यासारखी गोष्ट.

इंटिग्रिटी पॅक्ट काय असतो?

खरेदीदार आणि सर्व बोलीदार यांचा लेखी करार: लाच देणार-घेणार नाही, मोडला तर काम रद्द आणि काळी यादी. कल्पना ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल या भ्रष्टाचारविरोधी संस्थेची, १९९० च्या दशकातली. भारतात २००६ मध्ये ओएनजीसीनं सुरुवात केली आणि पुढे केंद्रीय दक्षता आयोगानं मोठ्या सरकारी कंपन्यांना तो घ्यायला लावला. स्वतंत्र बाह्य निरीक्षक हा त्याचा कणा आहे. तो बहुधा निवृत्त मोठा अधिकारी असतो, नागरिकांचा प्रतिनिधी नव्हे. इतकं लक्षात ठेवून त्याचं कौतुक करावं.

ग्रीन बाँडचा या सगळ्याशी काय संबंध?

फेब्रुवारी २०२३ मध्ये निगमानं जलूदच्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे, लोकांना खुले केले आणि ते शेअर बाजारात नोंदले गेले. नर्मदेचं पाणी इंदूरपर्यंत चढवायला लागणारी वीज हा निगमाच्या खर्चातला मोठा आकडा, म्हणून हा प्रकल्प. यात मौज अशी, की करदाता म्हणून आपण कागद मागतो तेव्हा चकरा माराव्या लागतात. गुंतवणूकदार झालो की तोच निगम सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, नियमांमुळे हिशेब ठरलेल्या वेळी जाहीर करतो. म्हणजे निगमाला हिशेब वेळेवर देता येतो. ड्रेनेजच्या बिलांचा का नाही, हे महापौर परिषदेला विचारायला हरकत नसावी.

तक्रार कुठे करायची?

साधी गोष्ट असेल तर झोन कार्यालय, निगमाचं ३११ अॅप किंवा सीएम हेल्पलाइन १८१. पैशांचा अपहार असेल तर आयुक्तांकडे लेखी तक्रार, मग लोकायुक्त (तिथं शपथपत्र लागतं) किंवा ईओडब्ल्यू. हेल्पलाइनवरची तक्रार 'निराकरण झालं' म्हणून बंद करायला फोन येतो, तेव्हा समाधान झालं नसेल तर सौजन्यापोटी हो म्हणू नका. आपल्या लोकांना ही सवय फार.

नाव उघड झालं आणि त्रास झाला तर?

जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संमत झाला, पण तो लागू करण्यात आलेला नाही. त्यामुळे एकट्यानं पुढे होऊ नका. अर्ज चार-पाच जणांनी वेगवेगळे टाकावेत, मिळालेले कागद एकाहून जास्त घरांत ठेवावेत, आणि धमकी आली तर त्याच दिवशी पोलिसांत लेखी तक्रार द्यावी.

निगमाकडे आपण नेमकी काय मागणी करायची?

फार नाही. ठरावीक रकमेच्या वरच्या कामाचं एस्टिमेट आणि अटींचा मसुदा टेंडरच्या पंधरा दिवस आधी झोन कार्यालयात आणि पोर्टलवर लागावा. कामाच्या जागी हिंदीत फलक असावा, त्यावर रक्कम, मापं, ठेकेदार, मुदत आणि दोषदायित्वाचा काळ (ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्ती करून द्यायचा काळ). अंतिम मोजणीच्या दिवशी मोहल्ल्यातल्या दोघांना बोलावून एमबीवर त्यांचा शेरा घ्यावा. आणि दर महिन्याला चुकत्या झालेल्या बिलांची यादी, वॉर्डनिहाय आणि गल्लीच्या नावासकट, लोकांना वाचता येईल अशी जाहीर व्हावी. चारांतलं एकच द्यायला निगम तयार झाला, तर ही शेवटची यादी मागा.

सुरुवात कुठल्या कामापासून करू?

तुमच्या गल्लीत नुकतंच झालेलं, जमिनीवर दिसणारं आणि दहा-वीस लाखांतलं काम घ्या. मेट्रो, पूल, बायोगॅस प्रकल्प सध्या नको. पोर्टलवर टेंडर शोधा, वर्क ऑर्डरची तारीख लिहून घ्या आणि त्याच आठवड्यात एमबी आणि अंतिम बिलाच्या पाहणीचा अर्ज टाका. अर्ज हिंदीत लिहा, दोन प्रती करा, पोचेवर आवक क्रमांक घ्या. पाहणीला जाताना बरोबर एक माणूस न्या. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं लिहायचं.